हिरव्या दिव्याखालचा हात

कब्बनपेट, बंगळूर
जुलै १९९८

प्रिय अक्का,

तुझी गोड बातमी कळली आणि मी प्रयोगशाळेत एकटाच मोठ्यानं हसलो. इतक्या वर्षांची वाट, नवस, सासूबाईंचे टोमणे, सगळ्यांना पुरून उरलीस. आईचं पत्रही तुला मिळालं असेल: तिसऱ्या महिन्याच्या चोरचोळीला ये, घरात देवी परत आली आहे, तिचा हात पोटावरून फिरवून घेऊ. ही देवी म्हणजे मी. सोलापूरहून गाडीत बसण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. यात तुझं आणि बाळाचं काही आहे, आणि ते हळदीकुंकवाच्या गर्दीत मला सांगता येणार नाही.

तू नेहमी चिडवतेस की भाजीलासुद्धा न चालणारं गवत वाढवून मी डॉक्टर होणार. गवत नाही गं, मोहरीची चुलत बहीण आहे ती. अरॅबिडॉप्सिस. वीतभर उंची, बी रव्याच्या कणाहून बारीक. जगभरचे लोक तिच्यावर काम करतात, कारण ती भराभर वाढते आणि तक्रार करत नाही. मी तिची रोपं अंधारात रुजवतो. अंधारात त्यांच्यात एक प्रथिन साठत जातं, उजेडाची चाहूल घेणारं. उजेड पडला की त्याचं काम संपतं आणि पेशी त्याला एक बारीकशी खूण चिकटवते, अप्पा कापडावर खडूनं करायचे तशी. खूण झालेलं प्रथिन मोडीत निघतं. जगायला नुसतं घडवून भागत नाही, वेळेवर मोडावंही लागतं, एवढाच माझा प्रबंध. हे सगळं मंद हिरव्या दिव्याखाली करायचं असतं, कारण तो रंग रोपांना जवळजवळ जाणवत नाही. त्या दिव्याखाली माझा हातही कुणाला नीट दिसत नाही, आणि गेलं वर्षभर ते माझ्या पथ्यावर पडलं.

अप्पांचा हात तुला आठवत असेलच. पेठेतले सगळ्यात चोख कटिंग मास्तर, मग एकाएकी कात्री भलतीकडे जायला लागली. खांदा उडायचा, पाऊल नाचल्यासारखं पडायचं. दुकानमालकानं त्यांना घरी बसवलं आणि चंद्राबाई आत्यानं पाटावर बसवलं. "सरी, बरोबर ओळखलं मी, आली गं माझी आई!" म्हणून तिनंच पहिला मळवट भरला. आजोबांच्या अंगातही यायची म्हणे, पिढीत एकाला तरी धरतेच, घराण्याचा मान. सगळी गल्ली नारळ घेऊन यायची. पुढे अप्पांना घास गिळता येईना, तेव्हा आत्या म्हणाली, देवीचा उपास आहे. अक्का, ते आपल्या डोळ्यांदेखत उपाशी गेले आणि आपण आरत्या म्हणत होतो. आत्याचा मला भयंकर राग येतो. पण त्यांना रोज उचलून न्हाऊ घालणारीही तीच होती, त्यामुळे तो रागसुद्धा धड करता येत नाही.

गेल्या वर्षी ग्रंथालयात एक परदेशी लेख हाती लागला. मी वाचत होतो माझ्या त्या खुणेसाठी. लेखात माणसाच्या मेंदूतल्या पेशी होत्या. त्यात एक बिघडलेलं प्रथिन गोळा होऊन बसलेलं, अंगावर तीच खूण, माझ्या रोपातली, आणि तरी ते मोडीत निघालेलं नाही. खाली रोगाचं वर्णन होतं: हातपाय आपोआप उडतात, चाल नाचरी होते, डोकं काम करेनासं होतं, शेवटी गिळता येत नाही. आईकडून किंवा बापाकडून येतो, आणि प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. ओळ न् ओळ अप्पांचीच होती.

माझा हात मधूनच उडताना पाहून आमच्या प्रयोगशाळेतला पुण्याचा तनय म्हणतो, "बॉस, कॉफी कमी कर." मी कमी केली, काही उपयोग झाला नाही. मग एकदा जेवताना माझा खांदा उडाला, ताकाचा लोटा कलंडला, आणि आईनं ते पाहिलं. मला वाटलं, घाबरेल. तिचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. "शुभा, स्वल्प थांब, उठू नकोस," म्हणत धावत जाऊन ती कुंकवाचा करंडा घेऊन आली. पुढच्या शुक्रवारी शेजारच्या भागुबाई माझ्या पाया पडून मुलाच्या नोकरीचं विचारत होत्या. अप्पा गेल्यापासून आईकडे कुणी फिरकत नव्हतं. आता दारात पुन्हा चपलांचा ढीग असतो, ती मोठ्या कढईत शिरा करते, गुणगुणते. तिला काय सांगू?

आता इथं थांब. पुढचं नको वाटत असेल तर कागद घडी करून जयसिंगराव भावोजींकडे दे. माणसाला न कळण्याचाही हक्क असतो. तपासणीसाठी माझं रक्त घेण्याआधी डॉक्टरांनीही मला हेच पुन्हा पुन्हा विचारलं होतं.

माझा निकाल आला. मला तोच रोग आहे. औषध नाही. तुला असेल किंवा नसेल, याहून जास्त मला काही माहीत नाही. तुला असेल तर बाळालाही निम्मी शक्यता, आणि आत्ताच कळलं तर काय करायचं ते ठरवायला तुला वेळ राहील, म्हणून ही घाई. चोरचोळीला येऊ नकोस. जयसिंगरावांना घेऊन सरळ माझ्याकडे ये, आपण डॉक्टरांना भेटू. तपासायचं की नाही, पुढे काय करायचं, सगळं तू ठरव. मी कशालाही नावं ठेवणार नाही. फक्त देवी होऊन तुझ्या पोटावरून हात फिरवायला मला सांगू नकोस. मला फार भीती वाटते गं, आणि ती माझ्यासाठी कमी, तुझ्यासाठी जास्त. आणि तू सुटलीस, तर मला काय वाटेल म्हणून तोंड मिटून बसू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. फोन कर आणि ओरडून सांग. आपल्या दोघांतलं एक सुटलं, याचा अर्थ कळण्याइतकं माझं डोकं चालतंय, तोवरच मला ते ऐकायचं आहे.

तुझाच,
शुभंकर