खरखरीतला र

दि. ९ ऑगस्ट

प्रिय धाकल्या,

तब्येत ठीक असेल असं धरून चालते. माझी ठीक आहे. काम तेच, लोकांच्या कानांना श्रवणयंत्रं जुळवून देण्याचं.

गेल्या आठवड्यात तुझ्या बायकोचा फोन आला होता. "ताई, हे स्वतःहून विचारायचे नाहीत, म्हणून मीच विचारते. ठकीला र येत नाही. शाळेत मुलं चिडवतात, आता ती वर्गात तोंडच उघडत नाही. तुम्ही यांना कसा शिकवलात?" तिच्यावर डाफरू नकोस. फोनवर हे नीट सांगता येईना, म्हणून लिहिते आहे. दुकानाबद्दल काही लिहिणार नाही.

पाच वर्षांच्या मुलाला र न येणं काळजीचं नाही. बऱ्याच मुलांना तो सगळ्यात शेवटी येतो. तरी आधी तिचे कान तपासून घे. मग आरसा घे. तिच्या समोर नाही, शेजारी बस, म्हणजे दोघांची तोंडं आरशात दिसतील. जिभेचं टोक वरच्या दातांमागे, हिरडीपाशी, हलकेच. जीभ सैल सोडून "ड-ड-ड" भरभर म्हणायला लाव. र तिथेच कुठेतरी सापडतो. आधी नुसता र, मग रा, री, रू, शब्द त्यानंतर. ती कंटाळायच्या आत थांबायचं. ती काही सांगत असताना मधेच चूक काढायची नाही. "लात्र झाली" म्हणाली तर आपण सहज "हो, रात्र झाली" म्हणायचं आणि पुढे जायचं.

यातलं काहीही तेव्हा आपल्या घरात कोणाला माहीत नव्हतं.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा तू, आणि तुला रेडिओ म्हणता येईना. गिऱ्हाइकं मुद्दाम विचारायची, "काय रे, बाबा काय दुरुस्त करतात?" तू छाती काढून सांगायचास, "लेडिओ!" सगळं दुकान हसायचं, बाबासुद्धा. मग तू बोलणंच टाकलंस. पाणीही खुणेनं मागायला लागलास. तेव्हा बाबांचं हसू मावळलं. त्यांनी तुला कामाच्या टेबलावर बसवलं, उघड्या रेडिओचं बटण दोन स्टेशनांच्या मधे आणलं आणि म्हणाले, "ही खरखर ऐक. अश्शी काढ बघू."

पद्धत साफ चुकीची. पण तू काढलीस. एवढंच, की खरखरीशिवाय र निघतच नाही अशी तुझी समजूत झाली. खराजा. खरात्र. खरेडिओ. आई म्हणाली, "घ्या! आधीचं बरं होतं." बाबा म्हणाले, "थांब गं, अजून स्टेशन लागायचंय."

तो ख घालवायचं काम माझ्याकडे आलं. शाळेतून आले की आपण टेबलाखाली बसायचो. वर बाबा तारा जोडायला शिशाचा डाग देत असायचे, राळेचा धूर खाली यायचा. माझी जीभ आत काय करते ते कळावं म्हणून तू माझा गाल दाबून धरायचास. हात कायम चिकट. पहिल्यांदा स्वच्छ "राजा" म्हणालास तेव्हा वरून बाबांचा आवाज आला, "लागलं!"

हे सगळं लिहायचं नव्हतं. पण आता दुकानाचंही लिहिते.

बाबांनंतर मी ते विकलं, ते बरोबरच केलं. आजही तेच म्हणेन. किल्ली देऊन बाहेर आले तेव्हा तू म्हणालास, "तुला आवाज मोजता येतात, बाकी काही वाटत नाही." मी उत्तर दिलं नाही. त्याला दोन वर्षं झाली. उत्तर असं आहे: वाटतं. कामावर रिकाम्या खोलीत एखादं यंत्र तपासताना खरखर आली, तर मी ते लगेच बंद करत नाही.

शेवटची पाहिली तेव्हा ठकी मला "आत्तू" म्हणायची. त्यात र नाही, म्हणून माझ्या कधी लक्षात आलं नाही. तुझ्या मुलीच्या तोंडचा तेवढा एकच शब्द मला आठवतो.

वर लिहिलेलं सगळं बरोबर आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. मुलाचं तोंड प्रत्यक्ष दिसावं लागतं. मी येऊ का? नको असेल तर तसं सांग, त्यावर वाद घालणार नाही. पण बायकोकडून निरोप नको. तू स्वतः कळव. फोन केलास तरी चालेल, कामात असले तरी उचलेन.

तुझ्या "हो"ची वाट पाहणारी,
ताई