बिनअर्थाचे शब्द

३ मार्च, मंगळवार

नातीच्या वर्गाच्या बाईंनी बोलावून घेतलं. म्हणे, "आजी, भिंगरीला वाचता येत नाही." अहो, सशाचं अख्खं पुस्तक घडाघडा वाचते पोरगी! बाईंनी पुस्तक उलटं धरलं. भिंगरी तरीही घडाघडा! वर मध्येच थांबून म्हणते काय — "थांब हं, चष्मा पुसते." माझंच वाक्य, माझ्याच सुरात. कुठे तोंड लपवू असं झालं.

म्हणे हे पाठांतर, वाचन नाही. वीस तारखेला चाचणी. नाही जमलं तर पोरगी त्याच वर्गात, मैत्रिणी पुढे.

हातात एक कागद दिला. ध्वनींची जाणीव, अक्षरओळख, ओघ, आकलन. चारही डोक्यावरून!

५ मार्च

लेक म्हणते, "आई, तू मध्ये पडू नकोस ना. त्या शिकलेल्या आहेत." आणि माझे केस काय उन्हात पांढरे झाले?

मीही अशीच शिकले. हे रोज सकाळी मला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. हे गेल्यावर रद्दी द्यायला हात उठेना. तेच जुने पेपर पुढ्यात घेऊन बसले. बातमी कानात होतीच — बोट फिरवत गेले, शब्द ओळखीचे होत गेले. कुठला ओघ आणि कसली जाणीव! भिंगरीलाही तसंच शिकवलं. चुकलं काय त्यात?

९ मार्च

कागदाच्या मागे शब्दांची यादी. बघून बघून इथे उतरवली. टपूल. बाजूर. सकीळ. एकालाही अर्थ नाही! बाईंना विचारलं, छापताना चुकलं का? "मुद्दाम आहे आजी. अंदाजाने वाचता येऊ नये म्हणून." पैसे देऊन पोरांना ही भाषा शिकवायची!

१० मार्च

दार लावून यादी वाचली. टपूलला टपाल म्हटलं. बाजूरला बाजार. पुन्हा वाचली. पुन्हा टपाल! लिहिताना एकेक अक्षर काढते मी, वाचताना मात्र नुसती उडी मारते. दहापैकी आठ चूक.

११ मार्च

कुणाला सांगितलं नाही.

१३ मार्च

भिंगरी यादी घेऊन आली. "आजी, आधी तू." पळायला वाट नाही. मी म्हटलं टपाल. खिदळली — "अंदाजपंचे! अंदाजपंचे चालणार नाही आजी, बोट ठेव!" सात वर्षांची पोर मला टोकते! यादी चुरगळून फेकली. मग उचलून मांडीवर सरळ केली. ट. पू. ल. दोघींनी बोट ठेवून, तासभर. मान मोडली.

२० मार्च

भिंगरी पास. दहापैकी नऊ! सशाचं पुस्तक आता अडखळत वाचते, आणि बाई म्हणतात ही प्रगती. काय बोलायचं? घरभर नाचली मात्र.

२२ मार्च

ह्यांच्या पेपरांतला एक काढला. बोट ठेवून, एकेक अक्षर. खाणीत अडकलेल्या मजुरांची बातमी. ह्यांनी वाचून दाखवलं होतं, अकराही जण सुखरूप वर आले. मीही आजवर तेच वाचत होते.

छापलंय — एकही जिवंत सापडला नाही.