ताईच्या पाकळ्या

ताई,

कारखान्यात कपावर पाकळ्या तू काढायचीस, मग कप माझ्याकडे सरकायचा आणि मी देठ-पानं ओढायचे. तू रेंगाळलीस की माझा हात रिकामा राहायचा आणि मुकादमाची बोलणी मी खायचे.

परवा माळ्यावर तसाच एक कोरा कप सापडला. आता मला कुठे जायची घाई? पाकळ्या काढायला बसले. पहिलीलाच अख्खी सकाळ गेली. कुंचला जरा थांबवला की पाकळीची कड आपसूक वळते, हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं. खुळ्यासारखी एकटीच हसले.

'हिचा हात चालत नाही' असं मुकादमाच्या कानावर कुणीतरी घातलं, म्हणून तुझं काम गेलं. ते मीच घातलं होतं. वर तुझ्या गळ्यात पडून रडलेही.

कप तुला पाठवणार होते, पण तुझी नजर पार गेली म्हणे. पत्र सूनच वाचून दाखवणार, आणि तिच्या तोंडून हे तू ऐकावंस एवढी हिंमत माझ्यात नाही.

पाचही पाकळ्या झाल्यात. देठ-पानांना अर्धं मिनिट पुरेल. पण कुंचला उचलवत नाही.

तुझ्या शेजारी बसणारी,
धाकटी