गाढव घाट चढतंय

बाबा, काल दुपारी मिल्टनच्या एका डेंटल क्लिनिकमध्ये सहा वर्षांच्या पोरीने 'आऽऽ' केलं आणि माझं सगळं बदललं. तुम्ही गेलात तेव्हा मी तिसरीत होतो, म्हणून मधलं थोडं सांगतो. आई मला घेऊन मामाकडे कॅनडात, या मिल्टन गावात आली. मी कॉम्प्युटरला अ‍ॅडमिशन घेतली आणि दुसऱ्या वर्षी सरांशी भांडून कॉलेज सोडलं. आई अजून लोकांना सांगते, "ब्रेक घेतलाय." मी मामाच्या बेसमेंटमध्ये बसून गेम बनवला, पोरांना दात घासायची सवय लागावी म्हणून. दातच का? तर त्या क्लिनिकमध्ये दात साफ करणारी एक मुलगी आहे, वसईची. एवढं पुरे.

पहिल्या गेममध्ये पोरं ब्रशच्या बंदुकीने दातांतले किडे मारायची. वेटिंग रूममध्ये माझ्या आयपॅडभोवती ही झुंबड! मी कॉलर ताठ करून फिरतोय. मग तिने पोरांना एक लाल गोळी चघळायला दिली. दात जिथे नीट घासलेले नसतात, तिथे रंग चढतो. सगळ्यांची तोंडं पान खाल्ल्यासारखी. ती म्हणाली, "तुझ्या गेमने अंगठे मजबूत झालेत रे. दातांचं काय?" डॉक्टरही हसले. माझं डोकं फिरलं. आयपॅड उचलला आणि तसाच बर्फात बाहेर. ती मागून धावत आली. "जॅकेट विसरलास, हिरो." मी ते हिसकावून घेतलं आणि तरातरा निघालो. बसस्टॉपवर कुडकुडताना मला आपली मोरी आठवली.

मी पालथ्या बादलीवर उभा आहे. तुम्ही दाढीला साबण लावताय आणि गाढवाची गोष्ट सांगताय. मिठाची गोणी घेऊन गाढव घाट चढतंय. माझा ब्रश चालतोय तोवर गाढव चालतंय. ब्रश थांबला की तुम्ही गप्प.

"काय झालं, बाबा?"

"गाढव अडून बसलं. तुझ्या मागच्या दाढा राहिल्यात ना."

आणि मी चूळ भरली की रोज तेच, "आज इथेच मुक्काम. पुढचं उद्या." सकाळी मला कुणी उठवावं लागायचं नाही, मीच मोरीकडे पळायचो.

मी बंदुका काढून टाकल्या. तुमच्या गाढवाचा मूस केला, म्हणजे इथलं मोठ्या शिंगांचं रानटी हरीण. घाटावर बर्फ टाकला. फोनच्या माइकला ब्रशचा आवाज येतो तोवर मूस चढतो, मग बसतो, पुढचं उद्या. एका कार्ट्याने नुसतं तोंडाने 'शुक शुक' करून त्याला अर्धा डोंगर चढवला! त्याचाही बंदोबस्त केला. तिने डॉक्टरांकडून एक शेवटचा चान्स मागून घेतला. त्या सहा वर्षांच्या पोरीच्या आईच्या फोनवर गेम टाकून दिला, आणि ठरलं, लाल गोळी सांगेल ते खरं.

काल ती माउली आल्या आल्या हिंदीत सांगायला लागली, "ये तो मुझे खींच के वॉशरूम ले जाती है!" पोरीने गोळी चघळली. मी भिंतीकडे तोंड करून उभा.

"इकडे बघ, शहाण्या," वसईकरीण म्हणाली.

स्वच्छ, बाबा! शेवटच्या दाढेवर तेवढा एक लाल ठिपका. पोरगी आरशात बघून म्हणते, "मूस मिस्ड वन." डॉक्टरांनी स्वतः माझा आयपॅड खुर्चीशेजारी ठेवला. "कुणाची आयडिया?" वसईकरणीने विचारलं. "आमच्या बाबांची," मी म्हणालो, आणि कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा माझी मान अशी वर होती.

मग ती म्हणाली, "पण वर पोचल्यावर त्याला काय मिळतं?" मी ऐटीत म्हणालो, "उद्या सांगतो."

हे पत्र ड्रॉवरमध्येच राहणार, म्हणून कबूल करतो. घाटमाथ्यावर काय आहे, मला माहीत नाही. तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मला वाटायचं, उद्या आहेच की. आज तिला तेवढंच खरं सांगणार आहे. बाहेर तिच्या गाडीचा हॉर्न वाजतोय. निघतो, बाबा. दार ओढून घेतो, नाहीतर मामा ओरडेल, हीटिंग बाहेर जातंय म्हणून.