टर्बोची शिट्टी

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गाडीच्या दुरुस्तीला एका साध्या सदऱ्याएवढे पैसे पडले. पण एवढंच मांडलं तर हिशेब खोटा ठरेल. भाऊजींचा वाचनालयातला निरोपसमारंभ, पहिल्या रांगेतली तुझी रिकामी खुर्ची, आणि चढावर उघड्या बॉनेटपुढे नव्या साडीत दगडावर बसलेली तू, हेही त्याच बिलात धरायला हवं.

माझ्याकडून समारंभाला तू बसनं जाते म्हणत होतीस. मीच अडवलं. टर्बोची गाडी आहे, चढ म्हणजे सपाटी समज, म्हणालो. गुण आहेत गं तिच्यात. इंजिन एवढंसं, पण टर्बो त्यात जादा हवा कोंबतो, आणि जोर धरला की ट्रक मागे पडतात. फक्त नखरे फार. तेल महागातलं लागतं, पळवून आणली की बंद करण्याआधी जरा दम खाऊ द्यावा लागतो, आणि बिघडली तर गल्लीतला मेकॅनिक लांबूनच हात जोडतो.

एक मागणं आहे. उशीर का झाला, तर रस्त्यात झाड पडलं होतं, असं मी तुझ्या घरी पोचल्यावर भाऊजींना दारातच सांगून टाकलं. तू गप्प राहिलीस. तशीच राहा.

लोभ निम्मा केलास तरी चालेल, बंद करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

साडी धुऊन निघाली. झाड काही निघत नाही. झाडाखाली कुणी सापडलं तर नाही ना, म्हणून हे रोज विचारतात. काल शेजाऱ्यांनाही सांगत होते, मेहुण्यानं एवढ्यातूनही हिला सुखरूप आणलं. मी आपली भांडी घासत बसले.

त्या दिवशी यांनी भाषण शेवटपर्यंत लांबवलं म्हणे, दाराकडे बघत बघत. चार ओळी माझ्यावर होत्या. त्या न वाचताच खाली बसले.

निघतानाच मी म्हटलं होतं, शिट्टी ऐकू येतेय. तू म्हणालास, ताई, तुझा संबंध कुकरशी, हे टर्बोचं गाणं आहे. बरं बाबा. पण खोटं तू बोललास, ते मी का सांभाळू? तूच लिही.

जेवण वेळेवर घेत जा. राग आहे, माया त्याच्याखाली आहे.

ताई

ता. १३ मार्च

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

झाड पडलं नव्हतं. गाडी बंद पडली होती, आणि ते कबूल करायची मला लाज वाटली. आता त्याहून जास्त वाटते. त्या चार ओळी ताईला घरीच वाचून दाखवा. मला ऐकायचा हक्क नाही.

गिऱ्हाईक पायरी चढतानाच चपलेच्या आवाजावरून ओळखतो, अशी माझी बढाई तुम्ही दहादा ऐकली आहे. याच कानांनी दुकान उभं केलं. त्याच कानांनी ती शिट्टी महिनाभर कौतुकानं ऐकली, गिऱ्हाइकांनाही ऐकवली.

पुढच्या खेपेला ताईला बसस्टँडवर सोडीन, चालत. रागावा, पण परका करू नका.

आपला,
मेहुणा

ता. क. मेकॅनिक म्हणाला, टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा पाइप निसटत आला होता, शिट्टी त्याचीच. शिट्टी सुरू झाल्यापासून हवा वाटेतच निघून जात होती. म्हणजे महिनाभर माझ्या गाडीत टर्बो चालतच नव्हता.