आजीच्या आंघोळीचा पंखा

आई,

काल बाथरूममधला पंखा बदलून घेतला. इलेक्ट्रिशियन आला, जुना काढला, नवा लावला आणि माझा चहा गार व्हायच्या आत गेलासुद्धा. मी मात्र बटण चालू करून उगाच त्याच्याखाली उभी राहिले. ऐंशीच्या दशकातलं आपलं बोरीवलीचं घर आठवत होतं, आणि पदर कमरेला खोचून स्टुलावर उभी असलेली तू.

त्या बाथरूमला खिडकी नव्हती. डक्टकडच्या, म्हणजे इमारतीच्या मधल्या उभ्या पोकळीकडच्या भिंतीत एक गोल भोक आणि त्यात एक्झॉस्ट फॅन, एवढीच काय ती हवेची सोय. आजीला दमा, आणि आंघोळीला पाणी मात्र कढत लागायचं. पंखा बंद पडल्यापासून ती वाफेत कोंडून जायची आणि छाती धरूनच बाहेर यायची. गणपती तोंडावर आले होते. काका तिला न्यायला गावाहून आले आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, "वहिनी, ह्या वेळी आई गावीच राहील. तुमच्या ह्या डब्यात एक दिवस तिचा जीव जाईल." आतून आजी ओरडली, "माका नाय ऱ्हवाचा थंय! थंय बोलूक कोण आसा?" बाबा कधी आजीच्या खोलीकडे, कधी काकांकडे बघत राहिले. तू एवढंच विचारलंस, "आणि पंखा चालू झाला तर, भावोजी?" काका हसले. "करणार कोण? तुमचा इलेक्ट्रिशियन कालच एसटीत बसला." खरंच होतं ते. गणपतीत आपल्या सोसायटीतली निम्मी कामाची माणसं कोकणात गेलेली असायची.

तू वाद घातला नाहीस. मेन स्विच बंद केलास आणि मला म्हणालीस, "कॉलेज राहू दे आज, स्टूल धर." मी स्टूल धरलेलं आहे, आणि तू एकेक स्क्रू काढून तोंडात धरते आहेस. वर्षानुवर्षं ब्लाउज शिवताना टाचण्या ओठांत धरायची सवय. पंखा खाली येतो तो साबण, वाफ आणि धुळीच्या काळ्या लगद्यात रुतलेला. तू रॉकेलच्या फडक्याने पातं न् पातं पुसतेस, मग शिलाई मशीनच्या तेलाची बुधली आणतेस. मोटरच्या मागे तेलाचं बारीक भोक सापडतं तेव्हा हरखून म्हणतेस, "हे बघ! मशीनच आहे गं, फक्त सुई नाही." बोटाने ढकललेलं पातं गरगरत राहतं.

चूक झाली ती त्या भोकामुळेच. ते डक्टच्या बाजूला राहणार, तिथे हात कसा पोचणार, म्हणून तू पंखा फिरवून बसवलास, मागचं तोंड आत. दर रविवारी मशीनला तेल देणाऱ्या बाईला तेच सुचणार. संध्याकाळी आजी पाय धुवायला गेली. खालच्या मजल्यावरच्या कोळी कुटुंबाचं स्वयंपाकघर त्याच डक्टवर, आणि आपल्याकडे गणपती होईपर्यंत मासे बंद. आजी तरातरा बाहेर आली. "गो, ह्या काय केलंस? पाय धुवूक गेलंय नि बोंबील खाऊन इलंय!" आम्ही सगळे हसत सुटलो. काकांनी हसता हसताच विचारलं, "मग, बॅग भरू ना तिची?"

तू हसली नाहीस, चिडलीही नाहीस. "माझं चुकलं. हवा आत येतेय," म्हणालीस आणि पुन्हा स्टूल ओढलंस. पुढे नोकरीत मी कितीतरी हुशार माणसांच्या हाताखाली काम केलं. इतक्या सरळ आवाजात 'माझं चुकलं' म्हणून लगेच कामाला लागणारं माणूस फार थोड्या वेळा भेटलं. "मग तेल कसं देणार?" मी विचारलं. "दर वेळी उतरवीन. त्यात काय?" आणि खरंच, आजी होती तोवर दर अमावस्येला तू तो पंखा उतरवून, पुसून, तेल देऊन परत चढवायचीस. कुणाला आठवण करून द्यावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी आंघोळीला गेली. बाहेर आपण चौघं. आत पंख्याची घरघर आणि पाण्याचा आवाज. तू माझं मनगट धरलं होतंस, इतकं घट्ट की दुखत होतं. मग आतून आवाज आला, खणखणीत, "भायर कित्याक उभी आसात सगळी? साबान संपलो, दुसरो दी गो!" काकांनी दाराकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. "गौरी-गणपती गेले की आणून सोडतो," म्हणाले. आणि त्यांनी आणून सोडलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून हेही लिहिते. त्या दाराबाहेर मी मनातल्या मनात देवाला विनवत होते, ते आजीला खोकला येऊ नये म्हणून नव्हे. तू हरू नयेस म्हणून.