स्थलांतराचा तास

८ जुलै
विद्यापीठात पहिला दिवस. मानवी भूगोल, एक वर्षाची पदविका. मी वर्गात शिरले तर सगळी पोरं उठून उभी — मलाच मॅडम समजली! खऱ्या मॅडम मागून आल्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. आता मी सगळ्यांची काकू.

२१ ऑगस्ट
आज 'स्थलांतर' शिकवलं. माणसं गाव का सोडतात — नोकरी, शिक्षण, दुष्काळ, लग्न. मी हात वर केला. कधी नव्हे ते! म्हटलं, "ह्यांची बँकेत बदलीची नोकरी. दर बदलीला बिऱ्हाड पाठीवर. नवी शाळा शोधा, नवा दूधवाला शोधा, नवी शेजारीण जोडा. माझं स्थलांतर कशात मोडतं?"
मॅडम म्हणाल्या, "काकू, हाच तुमचा प्रकल्प."

२२ ऑगस्ट
स्वयंपाक करताना आपली हसतेय एकटीच.

१४ ऑक्टोबर
बदलीवाल्यांच्या बायकांना घरोघरी भेटतेय. एक जण म्हणाली, "मला विचारतंय कोण? दारात ट्रक लागला की कळायचं." दुसरीनं प्रत्येक बदलीला शाळेतली नोकरी सोडली. सांगताना चहा निवून गेला तिचा.
संगणकावर नकाशा काढणं काही जमेना. वर्गातली चष्मेवाली रोज थांबून शिकवते. "काकू, हळू! माउस आहे, लाटणं नाही!" गुणाची पोर. तिचं भलं होवो.

३ डिसेंबर
ह्यांची बदली झाली. प्रकल्प अर्धा, परीक्षा पुढे. तरी सवयीनं ट्रकवाल्याला फोन लावायला गेले.
हे म्हणाले, "ठेव तो फोन. मी एकटाच जातो. तू शीक."
"अहो, पण जेवणाचं?"
"कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या सांगून ठेव."
रडू आलं — सुखाचं. असा माणूस मिळायलाही नशीब लागतं.

९ डिसेंबर
हे गेले. घर खायला उठतं. पण जेवणाचं टेबल आता अख्खं माझ्या नकाशांचं!

१९ मे
प्रकल्प पहिला आला! मॅडमनी सगळ्यांसमोर मिठी मारली. चष्मेवालीनं शिट्टी वाजवली.

२ जून
मॅडमच्या ओळखीनं एका संशोधन संस्थेत नोकरी लागली. इथेच, याच शहरात. ह्यांना फोन केला. "अहो, मी तिकडे येत नाहीये. इथेच राहणार."
पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ह्यांनी गॅस बंद केला.
मग म्हणाले, "बरं. आता मीच येतो तुझ्यामागं."